बाबागाडीत बसेल त्याला फुकट

आमच्या चिरंजीवांचा दुसरा वाढदिवस ९ जुलैला येतो. यंदा ही तारीख आमच्या घरात विमान कंपनीच्या नियमांशी जितक्या वेळा जुळवून पाहिली गेली, तितक्या वेळा आमच्या लग्नात पत्रिकाही पाहिल्या नव्हत्या. दोन वर्षं पूर्ण व्हायच्या आत मूल आईबापाच्या मांडीवर बसून जातं आणि मोठ्यांच्या भाड्याच्या साधारण दहा टक्क्यांत भागतं. दोन वर्षं झाली की त्याला स्वतःची सीट, आणि सीट म्हटली की सीटचे पैसे. वाढदिवस सहलीच्या मध्ये आला तरी परतीला हेच. नवऱ्याने हे रात्री साडेअकराला वाचलं आणि मला हलवून उठवलं. "अगं, आपला मुलगा ८ जुलैला एक्स्पायर होतोय!"

कुठे जायचं ते अजून ठरलं नव्हतं. कधी परत यायचं ते ठरलं.

'कुठे' माझ्या मामेबहिणीने ठरवलं. ताई स्वीडनमध्ये माल्मोला असते. तिथे नोकरदार माणसाला उन्हाळ्यात सलग चार आठवडे रजा घ्यायचा कायद्यानेच हक्क आहे, त्यामुळे जुलैत सगळे आपापल्या गावी जातात. ताईचं गाव नाशिक. "मिडसमरचा सण झाला की मी निघतेय," ती फोनवर म्हणाली. "घर रिकामंच राहणार. तुम्ही या. झाडांना पाणी घाला, बास."

"म्हणजे ती नाशिकला येणार आणि तू तिच्याकडे स्वीडनला जाणार?" आईने विचारलं. "त्यापेक्षा दोघी नारायणगावला भेटा की. वाटेतच पडेल."

पण राहायला फुकट घर म्हटल्यावर नवऱ्याने लॅपटॉप उघडलाच. फाइलचं नाव 'परवडणारी स्कँडिनेव्हिया', जे वाचून माझ्या भावाने पाण्याचा घोट नाकातून बाहेर काढला. स्वीडनचा क्रोना वेगळा, नॉर्वेचा क्रोनर वेगळा, डेन्मार्कचा त्याहून वेगळा आणि या दोघांपेक्षा महाग. तिन्हींसाठी तीन रकाने, आणि चौथ्यात रुपये. चौथा रकाना नवरा सहसा लपवून ठेवायचा.

पहिल्या फेरीत नॉर्वे बाद झालं. नवऱ्याला फ्योर्ड, म्हणजे डोंगरांत शिरलेले समुद्राचे चिंचोळे फाटे, बघायचे होते, मला ओस्लोच्या व्हीगेलान पार्कमधला तो सुप्रसिद्ध चिडका मुलगा: मुठी आवळलेला, पाय आपटणारा ब्राँझचा पुतळा. पार्कला तिकीट नाही, पण ओस्लोपर्यंत जायला आहे. "चिडका मुलगा घरचा घेऊन जातोच आहोत," नवरा म्हणाला. "तोही हलणारा."

युरोपातल्या बऱ्याच देशांत एकच चालणाऱ्या शेंगेन व्हिसाची फी मोठ्यांना ९० युरो, सहा वर्षांखालच्यांना शून्य. बारा वर्षांखालच्यांचे बोटांचे ठसेही घेत नाहीत. हे सगळं नवरा इतक्या कौतुकाने सांगायचा, जशी काही पोराला स्कॉलरशिपच मिळाली. फोटोतून मात्र सुटका नव्हती. तोंड मिटलेलं, डोळे उघडे, नजर समोर, चेहरा स्थिर. आमच्या घरात ही चारही लक्षणं एकाच वेळी फक्त आजोबांच्या हार घातलेल्या तसबिरीत आढळतात. फोटोवाल्या काकांनी खुळखुळा वाजवला, मांजर काढून दाखवलं आणि शेवटी स्वतःची कवळी काढून हातात धरली. चिरंजीव गप्प झाले. तेवढ्यात काकांनी दुसऱ्या हाताने बटण दाबलं. त्या फोटोतला चेहरा बघून, हे बाळ फिरायला नव्हे, आश्रय मागायला येतंय, असंच वकिलातीला वाटलं असणार.

मग तुपाचा प्रश्न. युरोपीय संघात बाहेरून येताना सामानातून दूधदुभतं नेता येत नाही. बाळाच्या दुधाची पावडर चालते, तूप नाही. आणि आमचं बाळ बिनतुपाच्या भाताला भात मानत नाही. म्हणून तूरडाळ, हिंग आणि आंबेमोहोर घेतला, आणि तूप तिकडे कढवू म्हटलं. माल्मोच्या दुकानात लोण्याच्या पाकिटावर 'नॉर्मालसाल्तात' असं काहीतरी लिहिलं होतं. मला वाटलं, कंपनीचं नाव असेल. तूप तसं छान झालं. बेरी चाखली आणि 'साल्त' म्हणजे काय ते कळलं. नवऱ्याने ती वेफर्ससारखी खाल्ली आणि 'नाश्ता: ० क्रोना' अशी नोंद केली.

माल्मोचं घर फुकट होतं. झोप मात्र त्या भावात बसत नव्हती. जूनअखेरीस तिथे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो आणि पहाटे साडेचारला पुन्हा हजर. मधल्या वेळातही आकाश पुरतं काळं होतच नाही. आमच्याकडे रोजचा रिवाज असा: गॅलरीत जायचं, चांदोबाला टाटा करायचा, मग झोपायचं. इथे साडेआठला गॅलरीत गेलो तर समोर लख्ख ऊन आणि खाली आजीबाई कुंडीत रोपं लावताहेत. चिरंजीवांनी आजीबाईंना टाटा केला आणि चप्पल घेऊन दारात उभे राहिले. तिसऱ्या रात्री मी पोळ्या गुंडाळायला आणलेली फॉइल खिडक्यांना लावली. बाहेरून ते घर प्रसादाच्या पुड्यासारखं दिसत होतं.

कोपनहेगन एका दिवसात उरकलं. माल्मोहून गाडी थेट ओरेसुंडच्या पुलावरून जाते, पाऊण तासाच्या आतबाहेर, आणि चिरंजीव दोन्ही देशांत फुकट. १८४३ पासून चालू असलेली तिवोली बाग आम्ही फाटकाच्या जाळीतून पाहिली, कारण आत शिरायचे पैसे वेगळे आणि पाळण्यांचे वेगळे. तिथली सुप्रसिद्ध जलपरीची मूर्ती सव्वा मीटरची. तिच्याकडे पाठ करून आमचे चिरंजीव पंचवीस मिनिटं बदकं बघत होते. मग फेलेडपार्कन नावाच्या बागेत गेलो. तिथल्या खेळाच्या मैदानात शहरातल्या प्रसिद्ध मनोऱ्यांच्या छोट्या प्रतिकृती आहेत, आणि शिरायला एक छदाम पडत नाही. "झालं की कोपनहेगन बघून," नवरा म्हणाला. तिथे प्यायलेली कॉफी मात्र मला अजून आठवते. चवीमुळे नाही.

खरं प्रकरण घडलं स्टॉकहोममध्ये. तिथल्या सिटी बसचा एक नियम नवऱ्याने महिनाभर आधी शोधून पिवळ्या रंगात रंगवून ठेवला होता: बाबागाडीत मूल घेऊन चढणारा मोठा माणूस फुकट. कारणही शहाणपणाचं आहे. बाबागाडी मधल्या दाराने चढवायची. मग पुढे तिकीट दाखवायला जायचं तर मूल तिथे एकटं सोडावं लागेल. म्हणजे आमचा मुलगा आता नुसताच फुकट राहिला नव्हता, एका माणसाला फुकट नेण्याची त्याला पॉवर आली होती. कोणाला न्यायचं, यावर बसस्टॉपवर आमची बारीकशी चर्चा झाली. बाबागाडीच्या दांड्याला दोघांचेही हात होते.

बस आली, आणि चिरंजीव कमान झाले.

मूल कमान होणं म्हणजे काय ते ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायला नको. टाचा आणि डोकं एवढंच गाडीला टेकलेलं, पोट आभाळाकडे, आणि घशातून "चाऽऽल!" चाल म्हणजे मला चालायचंय. नवरा पट्टा लावायला जातो तो पोरगं पट्ट्याखालून सुर्रकन खाली. पहिली बस गेली. दुसऱ्या बसला आम्ही चढलो, पण चिरंजीव नवऱ्याच्या कडेवर आणि गाडीत आमची पिशवी, तीही नीट पट्टा लावून.

"तिकीट काढ," मी दबक्या आवाजात म्हटलं.

"कशाला? मूल आहे, बाबागाडी आहे."

"मूल बाबागाडीत नाहीये."

"नियमाचा आशय बघावा माणसाने."

ड्रायव्हरने आरशातून एकदाच पाहिलं. नुसतंच पाहिलं. ज्या देशात कोणी ओरडत नाही तिथे पाहणंही पुरतं. नवऱ्याने मुकाट्याने पुढे जाऊन यंत्राला कार्ड टेकवलं. चाळीसेक क्रोना, गुणिले नऊ रुपये. यंत्र 'टिंग' वाजलं आणि चिरंजीवांनी गाडीकडे बोट केलं. "बशायचं." बसले. शेवटच्या स्टॉपपर्यंत हूं की चूं नाही.

आम्ही चाललो होतो वासा म्युझियमला. अठराच्या आत प्रवेश फुकट, म्हणजे एक तृतीयांश कुटुंब पुन्हा फायद्यात. वासा ही गुस्ताव दुसरा अडॉल्फ या राजाची युद्धनौका. ६४ तोफा, वर नक्षीकाम, आणि तळाशी तोल सांभाळायला वजन अपुरं. १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच सफरीला निघाली, जेमतेम १३०० मीटर गेली, वाऱ्याची झुळूक आली आणि सगळ्या स्टॉकहोमच्या डोळ्यांदेखत आडवी होऊन बुडाली. १९६१ मध्ये वर काढली. नवरा ही माहिती वाचून दाखवत होता, "म्हणजे बघ, वर भार जास्त, खाली कमी," आणि त्याच वेळी त्याने जहाज दाखवायला चिरंजीवांना गाडीतून उचललं. गाडीच्या दांड्याला पाण्याच्या बाटल्या, वरणभाताचा डबा, डायपरची बॅग आणि माझी पर्स लटकत होती. बसलेल्या मुलाचं वजन निघालं, आणि बाबागाडी शाही डौलाने मागे आडवी झाली. वरण जमिनीवर. त्या अवाढव्य, अंधाऱ्या दालनात तीन-चारशे वर्षांच्या ओक लाकडाचा वास असतो, त्यात हिंगाची भर पडली. शेजारचा एक म्हातारा टिश्यू पेपर घेऊन धावला, फार चांगला माणूस. चिरंजीव टाळ्या वाजवत होते. म्युझियममधलं तेवढंच त्यांना आवडलं.

परतायच्या आदल्या दिवशी माल्मोत कपडे धुवायला काढले. ताईच्या 'बास' या शब्दाखाली काय दडलं होतं ते तेव्हा समजलं. इमारतीच्या तळघरात सगळ्यांची मिळून एक धुलाईखोली. भिंतीवर लाकडी तक्ता, त्यात तारखांचे आणि वेळांचे रकाने, प्रत्येक चौकटीत एक भोक. प्रत्येक घराला नंबर कोरलेलं एक छोटं कुलूप. हव्या त्या वेळेच्या भोकात आपलं कुलूप खोचायचं आणि किल्ली फिरवायची. ती वेळ तुमची. जगबुडी झाली तरी दुसरा कोणी शिरणार नाही. मी सकाळी सातची घेतली. चिरंजीवांना मात्र आमचं कुलूप सोमवारपासून रविवारपर्यंत प्रत्येक भोकात घालून बघायचं होतं. त्यांना आवरता आवरता आमची वेळ संपली आणि ओलसुके कपडे उराशी धरून आम्ही वर पळालो.

संध्याकाळी एक मोजा शोधायला खाली गेले तर ड्रायरवर कागद. जाड अक्षरं, तीन उद्गारचिन्हं, चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी. फोटो काढून ताईला नाशिकला पाठवला.

"काही नाही गं," तिचा लगेच व्हॉइस मेसेज आला, हसत हसत. "जाळीतली लव काढायची राहिली असेल तुझ्याकडून. 'ज्याची त्याने काढावी. तुमची आई इथे कामाला नाही,' असं लिहिलंय. इकडे अशा चिठ्ठ्या कायम लागतात."

माझा जन्म सदाशिव पेठेतला. दोन आठवड्यांत पहिल्यांदाच मला त्या देशात आपलं माणूस भेटल्यासारखं वाटलं. मी जाळी काढून निगुतीने साफ केली, मोजा खिशात घातला, पर्समधलं पेन काढलं आणि कागदावर उरलेल्या जागेत स्वच्छ देवनागरीत लिहिलं:

'आई इथेच कामाला होती. मदतनीस दोन वर्षांच्या आतला आहे. – हुकमावरून.'