टाके पाचव्या दिवशी

युद्धात एका हॉस्पिटलवर हल्ला झाल्याच्या परवाच्या बातमीवरून काल तलावपाळीवर पेटलं. दिलप्या म्हणाला, "हॉस्पिटल कसलं? आत शत्रूचेच जखमी लपवलेले. मग?"

त्या 'मग'ने माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण उत्तर दिलं वंदनाताईने. ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर म्हणून जन्म गेलाय तिचा.

"लपवलेले नाही रे, झोपवलेले. जखमी झाला की तो पेशंट. 1864 पासून तसा जिनिव्हा करार आहे, देशादेशांत."

"करार! बरा होऊन परत बंदूक उचलेल ना! आणि टॅक्स आपण भरायचा!" हा टॅक्स कुठून आला ते देव जाणे. दिलप्याचा प्रत्येक वाद तिथेच जातो.

"अफगाणिस्तानात कुंदुझला 2015 मध्ये अमेरिकेच्या विमानाने हॉस्पिटल फोडलं," सुहास म्हणाला. "जागा कुठे आहे ते आधी कळवलेलं होतं. तरी 42 माणसं गेली."

"जगात निष्पक्ष कुणी नसतो," दिलप्या.

"तू नसतोस! सोसायटीच्या मॅचला तू अंपायर, तुझा मेहुणा क्रीजबाहेर हातभर होता, तरी नॉटआउट!"

"तो विषय संपलाय!"

तो विषय कधीच संपणार नाही.

प्रसादने मात्र नेमकं काढलं. "आपले सोलापूरचे डॉक्टर कोटणीस कुठे तटस्थ होते? 1938 ला गेले ते जपानशी लढणाऱ्या चीनच्या बाजूनेच."

"नव्हतेच तटस्थ," ताई म्हणाली. "म्हणून काही ते लहान होत नाहीत. पण दोन्हीकडचे जखमी यायला हवे असतील, तर दारात बंदूक चालत नाही. एका बाजूची बंदूक आत आली की दुसऱ्या बाजूचा पोरगा घरीच रक्त जाऊन मरतो."

मग तिने दिलप्याच्या हातातला वडापाव घेतला, वडा काढून ठेवला आणि पाव उघडून धरला. "गोळीची जखम. आत माती, शर्टाची चिंधी. पहिल्या दिवशी शिवायची नाही, आत सडते. मेलेलं मांस कापायचं, धुवायचं, गॉज भरून उघडी ठेवायची." तिने कागदी रुमाल पावात हलक्या हाताने बसवला. बोटं अजून सवयीची आहेत. "चार-पाच दिवसांनी टाके. आमचे एक सर युद्धातल्या हॉस्पिटलात काम करून आलेले, ते सांगायचे. आता तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलच उडवलंत, तर टाके कोण घालणार, तुझा टॅक्स?"

कुणी बोलेना. दिलप्या त्या पावाकडे बघत होता. लाल चटणी रुमालात उतरलेली.

"मला नको हा," तो म्हणाला.

प्रसादने पाव उचलला, रुमाल काढला, वडा परत आत ठेवला आणि घास घेतला. "पेशंट वाचला!"

"माझे पैसे दे आधी!"

"मेहुण्याकडून घे!"

ताईलाच आधी हसू फुटलं, मग आम्हा सगळ्यांनाच.