उघडलंच आहे तर…

जुन्या गाडीचे सुटे भाग महाग नसतात, महाग असतं ते गाडी उघडणं. गॅरेजवाला हे कधी बोलून दाखवत नाही. तो बॉनेट वर करतो, कळकट फडक्याला हात पुसतो आणि म्हणतो, "सर, उघडलंच आहे तर…" त्या वाक्याच्या उरलेल्या भागात माझा पगार असतो.

गाडी 2010 सालची, छोटी, पाच दारांची, गोव्यातल्या डिचोलीच्या नंबरची. तिच्या बालपणी आमच्या भागात खनिजाचे ट्रक धावत होते. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या, पण परवा काच वर जाईना म्हणून दाराचं आतलं पॅनल काढलं, तर आत लाल धूळ तशीच शाबूत. मेकॅनिकने ती बोटावर घेऊन निरखली. सरकारला कळवावं की काय, असा क्षणभर त्याचा चेहरा झाला. मग काच वर-खाली करणारं यंत्र बदललं. एका दाराचं बदललं म्हटल्यावर दुसऱ्याचंही.

आमचा पणजीचा रस्ता मये, चोडण करत फेरीबोटीवरून जातो. रायबंदरला ओहोटी असली की फेरीतून उतरायचा रॅम्प चांगलाच चढाचा होतो. एका सकाळी मी पहिला गिअर टाकला, पाय दाबला, इंजिनाने पलीकडच्या काठाला ऐकू जाईल अशी गर्जना केली आणि गाडी होती तिथेच उभी. वर करपल्याचा वास. मागे स्कूटरवाले हॉर्न वाजवतायत, फेरीवरचा माणूस हातवारे करतोय, आणि शेजारी बसलेली बायको विचारतेय, "अहो, हँडब्रेक सोडलात ना?" हँडब्रेक सोडलेला होता. तसा तो ओढला तरी सुटलेलाच असतो. शेवटी ऑफिसला निघालेल्या चार सज्जनांनी ढकलून आम्हाला रायबंदरात दाखल केलं.

क्लच गेला होता. प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग मिळून 5,800 रुपये. हे मला झेपलं असतं. पण क्लचपर्यंत पोचायला गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. गिअरबॉक्स उतरल्यावर मागचं ऑइल सील दिसतं. ते किंचित ओलं असतं. सील जेमतेम तीनशेचं, पण उद्या तेवढ्यासाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरवणार का? नाही. मग गिअरचं ऑइलही नवं. मग इंजिनाचा एक माउंट बसलाय, तोही. अ‍ॅक्सलचा रबरी बूट फाटून ग्रीस बाहेर आलंय, वळताना टकटक येते ती त्याचीच. बिल बारा हजारांच्या पुढे गेलं, आणि यातलं एकही काम मला खोटं म्हणता येईना. फसवणूक असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

वॉटर पंपाचंही तेच. माझ्या इंजिनात पंप टायमिंग बेल्टवर चालतो. पंप बदलायचा तर बेल्ट काढायचा, आणि काढलेला जुना बेल्ट परत घालणं म्हणजे आत्महत्या. तो धावताना तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात आणि इंजिनाचं हेड उघडावं लागतं. हेड उघडल्यावर काय काय दिसेल याचा मी विचारही करत नाही.

मेकॅनिक आवाज ऐकतो ते मात्र बघण्यासारखं असतं. डोळे मिटून, मान तिरकी करून, देवळात कौल लावल्यासारखा उभा. आपण हात जोडून शेजारी. उजवी पाकळी पडली तर बुश, डावी पडली तर शॉकर. मग पुढचा प्रश्न, ओरिजिनल घालायचा की लोकल? लोकल निम्म्या किमतीत, पण तो सांगताना असा आवाज काढतो की आपण आईला लोकल औषध देणार आहोत. ओरिजिनल म्हणावं तर, "बेळगांवच्यान येवपाक जाय." पार्ट बसवर घातलेला असतो. त्याच दिवशी चोर्ल्याच्या घाटात दरड कोसळते. रस्ता मोकळा होतो तेव्हा चतुर्थी आलेली असते आणि गॅरेजला कुलूप असतं.

पावसाचं वेगळं सांगायला नको. वायपरखालच्या पन्हाळीत फणसाची पानं तुंबतात, पाणी ब्लोअरच्या वाटेने आत उतरतं आणि डाव्या पायाखालचं मॅट जूनपासून सप्टेंबरपर्यंत वाळत नाही. श्रावणात त्यावर पांढरी बुरशी आली. खरीखुरी अळमी, म्हणजे रानातली अळंबी, उगवली असती तर बाजारात विकून एसीचा खर्च निघाला असता, कारण अळमीचा भाव ऐकला की आमचा मेकॅनिकसुद्धा स्वस्त वाटतो. एसीची कूलिंग कॉइल गळत होती, कॉइल 3,500 ची, पण ती डॅशबोर्डच्या पोटात. अख्खा डॅशबोर्ड मागच्या सीटवर काढून ठेवलेला मी या डोळ्यांनी पाहिला. परत लावल्यावर चार स्क्रू उरले. "ते एक्स्ट्रा असतात," तो म्हणाला.

विकायची नाही का? एक गिऱ्हाईक आलं होतं. चाकांवरच्या पत्र्यावर नखाने खरवडलं, खाऱ्या हवेने आलेला गंज भुरभुर पडला, चाळीस हजार म्हणाला. बायको बाहेर येऊन म्हणाली, "चाळीस? नुसते टायरच गेल्या दिवाळीत घातलेत!" त्या दिवसापासून आम्ही गाडी विकत नाही, कारण तिच्यात नेहमी काहीतरी नुकतंच घातलेलं असतं.

यंदा पंधरा वर्षं भरली. म्हणजे आरटीओत तपासणी, आणि पुढच्या पाच वर्षांसाठी नव्याने नोंदणी. तिची फी पूर्वी 600 रुपये होती, एप्रिल 2022 पासून 5,000 झाली. पासिंगसाठी पिवळ्या पडलेल्या हेडलाइट घासून घेतल्या, पत्र्याचं टिंकरिंग केलं, हँडब्रेकला नवी केबल घातली. गाडी पास झाली. माझ्यापेक्षा मेकॅनिकला जास्त आनंद झाला.

त्याच आठवड्यात तो पेढे घेऊन घरी आला. कार घेतली होती त्याने, शोरूमची, ऑटोमॅटिक, हप्त्यावर. मी म्हटलं, "अहो, तुमच्या हातात कला आहे. स्वस्तात एखादी जुनी घेऊन घरीच ठीकठाक केली असती, कर्ज कशाला?"

त्याने पेढ्याचा बॉक्स माझ्यापुढे धरला.

"पोरनी गाडी परवडना, सर."