गाडीचं नाव सांगू नका

जुन्या गाडीच्या ऑइल कूलरचा (इंजिनचं तेल गार करणाऱ्या जाळीचा) पाइप गळायला लागला की पहिली चूक काउंटरवरच होते. स्पेअरवाला विचारतो, "गाडी कुठली?" आणि आपण छाती फुगवून गाडीचं नाव सांगतो, वर मॉडेलचं सालही जोडतो. संपलं. दुकान बेळगावच्या खडेबाजारातलं असो की निपाणीच्या हायवेकाठचं, मालकाच्या चेहऱ्यावर मयताला आल्यासारखी कळा येते.

"ती गाडी अजून चालतीया व्हय?"

"चालतीया की. खरं तेल गळायलंय."

(आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'. पुण्याच्या वाचकांनी सत्य-असत्याच्या भानगडीत पडू नये.) मग तो आतल्या पोराला हाक मारतो आणि पोरगं मोबाइलमधून मान वर न काढता म्हणतं, "इल्ल री." हे दोन शब्द समजायला कन्नड यावं लागत नाही, जुनी गाडी असली की पुरे.

यापुढं माणसं दोन वाटांनी जातात आणि दोन्ही वाटांवर खड्डे आहेत. पहिली वाट म्हणजे कंपनीचा अख्खा पाइप मागवायचा. दोन्ही टोकांना वाकवलेली धातूची नळी, मध्ये रबर, सांध्यावर फेरूल (धातूचं कडं) दाबून बंद केलेला, असा तो एकसंध येतो. येतो म्हणजे, यायचा. दुसरी वाट म्हणजे कुर्ल्याच्या भंगारातून त्याच मॉडेलचा जुना पाइप उचलायचा. त्यात गोम अशी की रबर किलोमीटरवर म्हातारं होत नाही, वर्षांवर होतं. भंगारातला पाइप हा तुमच्या पाइपाचा वर्गमित्र. एकाच साली दहावी झालेले दोघे. त्याची धातूची टोकं घ्या, जरूर घ्या. रबराला हात लावू नका.

माझं म्हणणं एवढंच, की नटाला गाडीचं नाव ठाऊक नसतं. त्याला व्यास, आटे आणि आतल्या सीटचा (जिथं टेकून तेल अडतं त्या निमुळत्या भागाचा) कोन एवढ्या तीनच गोष्टी कळतात. ह्या तीन गोष्टी कागदावर लिहून न्या आणि गाडी घरी ठेवा.

पण आधी गळतंय कुठं ते बघा. डिझेलनं सगळं धुऊन, कोरडं पुसून, सांध्यांवर खडूची पूड फासा आणि गाडी फिरवून आणा. नुसती शहापुरातनं टिळकवाडीला नको. बऱ्याच गाड्यांत तेल तापेपर्यंत थर्मोस्टॅट ते कूलरकडं सोडतच नाही, त्यामुळं गावात हा पाइप साधूसारखा कोरडा असतो. तवंदी घाट चढवा, मग बघा. खडू बहुतेक वेळा आट्यांपाशी भिजत नाही. रबर जिथं फेरूलमध्ये शिरतं तिथं भिजतो. म्हणजे फिटिंग शाबूत आहे, पाइप मेलाय. हे कळलं की अर्धी हुडकाहुडक वाचते.

मोजायला दोन हत्यारं लागतात, व्यासाला व्हर्नियर आणि पिचला, म्हणजे दोन आट्यांमधल्या अंतराला, पिच गेज. पिच गेज दोन लागतात, एक मेट्रिक, एक इंची. बाहेरच्या आट्यांचा व्यास नावापेक्षा नेहमी किंचित कमी भरतो, तेव्हा २१.८ आलं म्हणून दचकू नका; पिच दीड मिलिमीटर असेल तर तो एम २२ बाय दीड. २०.९ आलं आणि इंचात १४ आटे बसले तर तो अर्धा इंची बीएसपी, म्हणजे नळीचा ब्रिटिश आटा. आता अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, मग हे २०.९ कुठून आले? नाव पडलं नळीच्या आतल्या भोकावरून. पुढं नळ्या बदलल्या, नाव राहिलं. पाटील आडनावाच्या माणसाकडं आज पाटीलकी असतेच असं कुठाय?

सगळ्यात लबाड आहे तो सात अष्टमांश इंची यूएनएफ, अमेरिकी बारीक आटा. व्यास २२.२, इंचात १४ आटे. एम २२ च्या नटाशी तो पहिले दोन आटे गोड बोलतो आणि तिसऱ्याला अडतो. इथं आमचा मिस्त्री पान्याला पाइप लावतो आणि म्हणतो, "जातंय बगा." जातंय खरंच. जाताना आटे घेऊन जातंय. हातानं पूर्ण न फिरणारा नट चुकीचा, ह्यात चर्चा नाही.

आता दुकान. बेळगाव हे फाउंड्रीचं आणि हायड्रॉलिक्सचं गाव. उद्यमबागेत पंप आणि व्हॉल्व तयार होतात. आणि त्याच गावातला माणूस दोन फूट पाइपासाठी मोटारीच्या स्पेअरवाल्यांचे उंबरे झिजवतो! जिथं 'हायड्रॉलिक होज करून मिळेल' असा बोर्ड असेल (कन्नडमध्ये असला तरी खालच्या चित्रात पाइप ओळखू येतो), तिथं जायचं. ह्या दुकानांची गिऱ्हाईकं म्हणजे जेसीबी, ट्रॅक्टर, टिपर आणि ऊसतोडणी यंत्रं. म्हणून दिवस बघून जा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कारखान्यांची धुराडी पेटली, की संकेश्वर-चिकोडीकडची माणसं मनगटाएवढे फुटके पाइप गळ्यात घालून रांगेत उभी असतात. त्यांचं एक मशीन तासभर बंद म्हणजे शेतात टोळी बसून. तुमच्या हातातला पाइप बघून एखादा विचारतो, "हे कशाचं? मोटरसायकलचं?" आणि तुम्ही आपोआप रांगेत शेवटचे होता.

ह्या दुकानात भिंतीवर एक फळी असते. तिच्यावर एकापुढं एक नट-निपल ठोकलेले, खाली पेंटनं आकडे. मालक तुमचा तुकडा घेतो, फळीवरच्या चार नगांवर फिरवून बघतो, पाचव्यावर तो सुर्रकन बसतो आणि मालक डोळे न उचलता म्हणतो, "बावीस दीड." वीस सेकंदांत. तुमच्या गाडीचं नाव त्यानं विचारलेलंच नसतं. हा क्षण इतका सुखाचा असतो की माणूस तिथंच बेसावध होतो.

कारण आटे जुळले म्हणजे फिटिंग जुळलं असं नाही. एम २२ बाय दीड हाच आटा २४ अंशी कोनाच्या मेट्रिक फिटिंगांत दोन घराण्यांत नांदतो. हलक्या मालिकेत १५ मिलिमीटर नळीसाठी, जड मालिकेत १४ साठी. नटाचे आटे दोन्हीकडं तेच, आत एका मिलिमीटरचा फरक. चुकीचं घेतलं तर नट छान आवळतो आणि तेल छान गळतं. इंचीतही तीच कथा. पाऊण इंची १६ आट्यांचा नट जेआयसी नावाच्या अमेरिकी प्रकारात ३७ अंशांच्या कोनावर बसतो आणि एसएई नावाच्या दुसऱ्या अमेरिकी प्रकारात ४५ अंशांच्या. दोन्ही कोन एकमेकांवर आवळले तर एका बारीक कडेवर टेकतात. दुकानात टेस्ट केलं तर कोरडं, घाटात ओलं. म्हणून कोन डोळ्यांनी नको, गेजनं बघा. गेज नसेल तर दुकानदाराकडं असलेल्या खात्रीच्या नगाला कोनावर निळी शाई लावून बसवा आणि फिरवा. शाईचं पूर्ण कडं उमटलं तर बरोबर, नुसती रेघ उमटली तर परत द्या.

गाडीकडं मेट्रिक आणि पाइपाकडं इंची असेल तर मध्ये अ‍ॅडॅप्टर येतो. एका बाजूनं एक बोलायचं, दुसऱ्या बाजूनं दुसरं, आणि मध्ये गळू द्यायचं नाही: बेळगावच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. तयार मिळाला नाही तर लेथवर करून घ्यायचा. तिथली अडचण वेगळी. पाचशे नग सांगा, चहा येतो. एक नग सांगा, मालकाला एकदम बाहेरगावी जायचं असतं. शनिवारी संध्याकाळी जा, जुना नग नमुन्याला द्या आणि कोनाचं फिनिश गुळगुळीत हवं हे दोनदा सांगा. कोनावर टूलच्या रेघा राहिल्या तर तेल त्या रेघांवरून जिना उतरल्यासारखं उतरतं.

ह्याहूनही माझा आवडता मार्ग तिसरा. जुनी टोकं ठेवायची. फेरूल ग्राइंडरनं लांबीत चिरून काढायचं, वाकवलेली मूळ नळी नटासकट वाचवायची आणि तिच्या मागच्या अंगाला अर्धा इंची होजचं निपल ब्रेझिंगनं (पितळ वितळवून) जोडून घ्यायचं. आर्क वेल्डिंग नको, पातळ नळीला भोक पडतं. जोडल्यावर आतला फ्लक्सचा खडा आणि काजळी काढल्याशिवाय पुढं जायचं नाही. तो खडा पुढं बेअरिंगमध्ये भेटतो. असं केलं की आटे, कोन, वाकण सगळं मूळ गाडीचं, आणि बाजारात हुडकायचं उरतं ते फक्त रबर.

रबराचं मात्र दुकानदाराचं ऐकू नका. तो दोन तारजाळ्यांचा आर-टू पाइप काढून कौतुकानं थोपटतो, "पावणेतीनशे बारचा हाय साहेब, जेसीबीला चालतोय." तुमच्या इंजिनात तेलाचा दाब असतो चार-पाच बार. म्हणजे बैलगाडीसाठी रेल्वेचे रूळ. दाबाची काळजी मुळी नाहीच, काळजी तापमानाची आहे. साधा हायड्रॉलिक पाइप १०० अंशांपर्यंतचा असतो आणि घाटात इंजिनचं तेल ११०-१२० ला सहज जातं. आतलं रबर हळूहळू भाकरीच्या पापुद्र्यासारखं कडक होतं, फेरूलमधली पकड सुटते आणि वर्षा-दोन वर्षांत तुम्ही पुन्हा त्याच रांगेत. पाइपावर छापलेली ओळ वाचा. निदान १२५ अंश, मिळाला तर १५० अंशांचा मागा. "गरम तेलाचा" असं म्हणा, नुसतं "भारी" म्हणू नका. भारी म्हणालात की तो तिसरी जाळी वाढवतो.

शिवाय जाड पाइप वाकत नाही. अर्धा इंची आर-टू सुमारे १८ सेंटिमीटर त्रिज्येहून कमी वळणात घालू नये, आणि रेडिएटरच्या शेजारी तेवढी जागा बॉनेट उघडं ठेवूनच मिळते. लांबी ताणून मोजू नका. इंजिन त्याच्या माउंटिंगवर हलतं, कूलर बॉडीला बांधलेला असतो. बोटभर ढील हवी. छापील ओळ एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सरळ दिसली पाहिजे. ती जिलबीसारखी फिरली असेल तर पाइप पिळला गेलाय. क्रिम्प झाल्यावर, म्हणजे फेरूल दाबून पक्कं केल्यावर, त्याच्या कडेला रबरावर पेंटची खूण करून ठेवा. महिन्यानं खूण सरकलेली दिसली तर पाइप निसटायला लागलाय. आणि फेरूलऐवजी 'दोन क्लिपा टाकून देतो' म्हणणाऱ्याला चहा पाजून निरोप द्या. गरम तेलावर क्लिप सुटली तर पाच लिटर तेल रस्त्यावर यायला पुढचं स्टँड यावं लागत नाही.

टेफ्लॉन टेपबद्दल थोडक्यात: कोनावर नको, सरळ आट्यांवरही नको. तिथं तांब्याचा वॉशर किंवा डाउटी सील (आत रबराची कडी असलेला धातूचा वॉशर). तांब्याचा जुनाच वापरायचा तर लाल तापवून पाण्यात टाका, मऊ होतो. कूलर अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर दोन पाने लावा, एक नटाला आणि एक कूलरच्या बॉसला, म्हणजे नट बसतो त्या उंचवट्याला. एकाच पान्यानं आवळलं तर बॉसच फिरून हातात येतो, आणि मग कूलर हुडकायला लागायचं. त्यावर वेगळा लेख.

बसवण्याआधी पाइपातून फडकं ओढा. कापताना उडालेली रबराची भुकटी आत असतेच. तेल भरा, डिझेलचा पुरवठा बंद ठेवून स्टार्टरवर फिरवा, दाबाचा दिवा विझू द्या, मग इंजिन चालू. कूलर आणि पाइप आपापलं तेल पितात, तेव्हा तेलाची काडी पुन्हा बघून लागेल तेवढं तेल वर टाका. रात्री गाडीखाली पुठ्ठा.

आणि चुकीची आणलेली फिटिंगं फेकू नका. प्रत्येक जुन्या गाडीवाल्याकडं कुंद्याचा (आमच्या बेळगावी मिठाईचा) एक रिकामा डबा असतो. माझ्या डब्यात आज एक पाऊण इंची ४५ अंशी आहे, १४ च्या जड मालिकेचे दोन नट आहेत, तांब्याचे सात वॉशर, आणि एक तुकडा, जो कशावरच बसत नाही खरं टाकवत नाही. लागलं तर घेऊन जा. व्यास सांगा, पिच सांगा, कोन सांगा. गाडीचं नाव सांगितलंत तर इल्ल री.