टाय यावा, पण रोज कशाला?

प्रत्येक पुरुषाला टाय बांधता आलाच पाहिजे आणि त्याने तो रोज घालावा, असं सांगणारा एक लेख वाचला. बांधता यावा, हे मान्य. रोज घालावा, हे मात्र मुंबईत बसून लिहिलेलं दिसत नाही! मे महिन्यात डोंबिवलीहून फास्ट पकडून सीएसएमटीला उतरेपर्यंत शर्ट पाठीला चिकटलेला असतो. आमच्या ऑफिसात टाय ड्रॉवरमध्येच राहतात, क्लायंट लिफ्टमध्ये शिरला की गळ्यात चढतात.

१९९९ मध्ये केंब्रिजच्या फिंक आणि माओ या भौतिकशास्त्रज्ञांनी गणिताने टायच्या ८५ गाठी काढून दाखवल्या. हौस दांडगी! आपल्याला साधी फोर-इन-हँड पुरते. रुंद टोक अरुंदावरून नेऊन मागून फिरवायचं, पुन्हा पुढून घ्यायचं, गळ्यापाशी खालून वर काढायचं आणि समोरच्या वेढ्यातून खाली ओढायचं. टोक बेल्टच्या बकलपाशी यायला हवं. गाठ किंचित तिरकी बसते, बसू द्यावी. जाड टायला फुल विंडसर ही मोठी, रुंद गाठ मारली की गळ्याखाली समोसा ठेवल्यासारखा दिसतो.

शाळेतल्या इलॅस्टिकच्या टायने आपल्या पिढ्या बिघडवल्या, हे खरं. लग्नाच्या हॉलवर अजूनही भाचे-पुतणे टाय घेऊन माझ्यासमोर रांगेत उभे राहतात, त्यात नवरदेवही असतो.