‘ब्रोशर’वाल्या कमेंटला उत्तर

नमस्कार. नाव लिहिलेलं नाहीये, म्हणून नुसताच नमस्कार.

गुडघा बदलण्याच्या ऑपरेशनमधल्या नेव्हिगेशनवरच्या (कॅमेरा आणि कॉम्प्युटर सर्जनला हाड कुठे, किती अंशात कापायचं ते स्क्रीनवर दाखवतात, त्यावरच्या) माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की कॅमेऱ्याला हाड दिसतच नाही, हाडात बसवलेल्या पिनांवरचे चमकते बॉल दिसतात, पिन हलली की सगळं चुकतं, 0.25 मिमी अचूकता हा कॅमेऱ्याचा आकडा आहे ऑपरेशनचा नाही, खर्च वाढतो तो वेगळाच. आणि शेवटी, "लेख कंपनीच्या ब्रोशरसारखा वाटतो."

0.25 चं मान्य. घाईत टाकला, दुरुस्त केलाय. झालं?

आता ब्रोशर. अहो, ब्रोशर लिहिणाऱ्याने ओटीचं, म्हणजे ऑपरेशन थिएटरचं, दार बाहेरूनच बघितलेलं असतं. मी अकरा वर्षं बायोमेडिकल इंजिनियर म्हणून आत उभा आहे, असिस्टंटचं डोकं कॅमेऱ्याच्या मधे आलं की स्क्रीनवरून पाय गायब होतो आणि सर्जन माझ्याकडे बघतात, बॉलवर रक्ताचा थेंब उडाला की पुसा नाहीतर बदला, हे सगळं मी निस्तरलंय. सर्जन पाय हवेत धरून गोल फिरवतात आणि तेवढ्यावरून कॉम्प्युटर खुब्याच्या सांध्याचा मध्य काढतो, तिथे चिरा न देता! पहिल्यांदा बघितलं तेव्हा काटा आला होता अंगावर. फ्रान्समधल्या ग्रेनोबलला 1997 साली पहिल्यांदा असा गुडघा बसवला, तेव्हा तिथल्या लोकांना काय वाटलं असेल? मग मला भारी वाटलं ते भारी म्हणून लिहिलं, तर मी लगेच कंपनीचा माणूस? तुम्ही सोसायटीच्या लिफ्टचं कौतुक केलंत तर तुम्हाला कोणी लिफ्टवाल्याचा एजंट म्हणतं का?

आणि ऐका, आईचे दोन्ही गुडघे नेव्हिगेशनवरच केले, पदरचे पैसे भरून. ब्रोशरवाला असतो तर डिस्काउंट तरी मिळाला असता.

राहिली पिन. हलते कधीकधी. एकदा आमच्याच ओटीत मांडीच्या हाडातली पिन सैल झाली, हाड ठिसूळ होतं, आणि स्क्रीन आपली काही झालंच नाही अशी अंश दाखवत होती. सर्जननी सहज पॉइंटर हाडावरच्या आधी नोंदवलेल्या खुणेच्या बिंदूवर टेकवला, स्क्रीनशी जुळेना, तेव्हा कळलं, मग पुढचं सगळं नेहमीच्या जिगने, म्हणजे हाड कापायच्या साच्याने, केलं. म्हणजे माणूस जागा असला की निभतं, एवढंच आहे ते, त्यावर काय पानं भरायची. खर्चाचं नंतर कधीतरी.

आईचा जिना चढतानाचा व्हिडिओ पुढच्या लेखात टाकणार होतो. आता नाही टाकत, तोही जाहिरातच वाटेल तुम्हाला.