तीन कोटेशनं मागवता येतील, रोख कुठून आणायची? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. सविस्तर लिहिलंत, बरं वाटलं. नव्या वाचकांसाठी तुमचा आक्षेप थोडक्यात देतो. तुमचं म्हणणं असं: सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतले छोटे कारखानदार ओळखीच्या व्यापाऱ्याला फोन करून माल उचलतात, तीन कोटेशनं घेत नाहीत, ऑनलाइन खरेदीकडे फिरकत नाहीत आणि वर कच्चा माल महाग म्हणून तक्रार करतात. आणि माझा आधीचा लेख या आळसाची पाठराखण करतो, असंही तुम्ही म्हणता.

कुपवाडच्या एका फाउंड्रीत (लोखंड वितळवून सुटे भाग ओतणाऱ्या कारखान्यात) खरेदी मीच बघतो, म्हणून आळस हा शब्द मला मान्य नाही. भाव सगळ्यांना माहीत असतो. स्क्रॅप (भंगार लोखंड) आणि पिग आयर्न (कच्चं लोखंड) यांचे दर रोज सकाळी व्हॉट्सअॅपवर येतात. पण स्वस्त माल रोखीनं मिळतो आणि आमच्याकडे रोख नसते.

हिशेब करून बघा. समजा 40 रुपये किलोनं 10 टन स्क्रॅप घेतलं, म्हणजे 4 लाख. ऑनलाइन विक्रेता किलोमागे रुपया कमी लावतो, दहा हजार वाचले. पण पैसे आगाऊ. इथला व्यापारी तीन महिने थांबतो. तेवढ्या काळासाठी बँकेच्या सीसीवर (कॅश क्रेडिट खात्यावर) वर्षाला 12 टक्क्यांनी 4 लाख उचलले तर व्याजच 12 हजार. तेही सीसीची लिमिट शिल्लक असेल तर. आणि ती शिल्लक का नसते? कारण आमचं कास्टिंग (ओतलेले भाग) घेऊन गेलेली कंपनी नव्वद-शंभर दिवस पैसे देत नाही. त्या बिलावरचा 18 टक्के जीएसटी मात्र, खरेदीवर आधीच भरलेला कर वजा करून, पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला आम्ही भरलेला असतो.

दुसरी गोष्ट मालाची. स्क्रॅपच्या बंडलात गॅल्व्हनाइज्ड पत्रा दडलेला असला की भट्टीवर पांढरा धूर उठतो, आणि धातूचं मिश्रण तपासणाऱ्या स्पेक्ट्रोमीटरवर नमुना लावेपर्यंत अख्खी हीट (भट्टीत एका वेळी वितळवलेला माल) बिघडलेली असू शकते. ओळखीचा व्यापारी संध्याकाळी येतो, ढीग बघतो, उरलेला माल परत नेतो. परराज्यातला ऑनलाइन विक्रेता वजनकाट्याची पावती मागतो आणि वाहतूकदाराकडे बोट दाखवतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये महापुरामुळे कोल्हापूरजवळ महामार्ग बंद पडला, तेव्हा ज्यांचा व्यापारी जवळ होता त्यांनाच माल मिळत होता. हा संबंध खरेदीच्या तक्त्यात कुठल्या रकान्यात लिहायचा?

आता तुम्ही विचाराल, कायदा आहे ना? आहे, आणि चांगला आहे. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा, 2006 सांगतो की लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत पैसे द्यायचे, करार नसेल तर 15. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. 2017 पासून सरकारच्या समाधान पोर्टलवर तक्रारही करता येते. पण ज्याची निम्म्याहून जास्त विक्री एकाच गिऱ्हाइकाला आहे, तो तक्रार करेल आणि पुढची ऑर्डर कुठून आणेल?

म्हणून मला 1961 च्या आयकर कायद्यातली 43बी(एच) ही तरतूद जास्त मोलाची वाटते. 2023 च्या वित्त कायद्यानं ती आली आणि 1 एप्रिल 2024 पासून लागू झाली. सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच मिळते. आम्हाला तोंड उघडावं लागत नाही, गिऱ्हाइकाचा चार्टर्ड अकाउंटंटच त्याला आठवण करून देतो. पण यातही पळवाट उरते: वर्षाच्या मध्ये कितीही उशीर केला आणि मार्चअखेर पैसे दिले, तरी वजावट जात नाही. शिवाय मध्यम उद्योग यातून बाहेर आहेत.

ट्रेड्स या ऑनलाइन मंचाबद्दलही तुम्ही लिहिलंत. बिल तिथं चढवून लवकर पैसे घेण्याची सोय उत्तमच आहे. मात्र बिल खरेदीदारानं मान्य करावं लागतं, आणि आमचा खरेदीदार स्वतःच मोठ्या कंपनीचा पुरवठादार असतो, त्या मंचावर नसतो.

एका बाबतीत तुमच्याशी पूर्ण सहमत: फोनवरच्या ऑर्डरी बंद व्हाव्यात, पीओ (खरेदीची ऑर्डर) लेखी हवा. पैसे देण्याची मुदत माल स्वीकारल्यापासून मोजतात आणि 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर माल पोचला तो दिवसच स्वीकृतीचा धरतात. कागद नसला की हे सगळं हवेत जातं.

तुम्ही पुण्यात मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागात आहात असं लिहिलंय. मग एक विनंती आहे. तुमच्या छोट्या पुरवठादारांची मागच्या वर्षीची बिलं काढा, माल गेटवर आल्याची तारीख आणि पैसे बँकेत जमा झाल्याची तारीख शेजारी शेजारी मांडा. जे निघेल ते इथेच लिहा, मी उत्तर देईन.