‘राणी तर पळाली होती’ म्हणे!

जून उजाडला की आमच्या नात्यातल्या ग्रुपवर एक मेसेज न चुकता येतो. झाशीच्या राणीचं भांडण पेन्शनसाठी होतं. इंग्रज शहरात शिरल्यावर ती पळाली आणि खरी लढली ती तिच्या सैन्यातली झलकारीबाई. बाकी १८५७ मध्ये बायका लढल्या वगैरे कवींनी मागाहून रचलंय. शेवटी ‘शाळेत हे शिकवणार नाहीत’. यंदा काकांनी तो दोनदा टाकला, म्हणून हे लिहायला बसलो.

आधी पेन्शन. राणीचे पती गंगाधरराव नोव्हेंबर १८५३ मध्ये गेले, त्यांचं दत्तक इंग्रजांनी नामंजूर केलं आणि १८५४ मध्ये झाशी खालसा झाली. पेन्शन बंद केली नव्हती, उलट देऊ केली होती: वर्षाला ६०,००० रुपये. त्यातूनच नवऱ्याचं कर्ज फेडा म्हटल्यावर राणी चिडली, हे खरं. तिने अर्ज केले, जॉन लँग नावाचा वकील गाठला, जून १८५७ च्या उठावानंतरही इंग्रजांशी पत्रव्यवहार ठेवला, हेही खरं. ते झाकायचं कशाला? पण निव्वळ पेन्शनच हवी असती तर गप्प बसणं सगळ्यात सोपं होतं.

याला साक्षीदार आपल्याच मुलखातला आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले आणि झाशीच्या वेढ्यात अडकले. पुढे काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांना राणी भेटली. अंगावर पुरुषी पोशाख, सगळी धुळीने माखलेली, तहानेने व्याकूळ. भटजी पाणी काढायला निघाले तर तिने अडवलं, विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी काढू नये म्हणाली. स्वतः दोर सोडला, मडक्याने पाणी काढलं आणि ओंजळीने प्यायली. आपण अर्ध्या शेर तांदळाची धनीण, विधवाधर्म सोडून हा उद्योग करायची गरज नव्हती, पण धर्माच्या अभिमानापोटी यात पडलो, असं ती बोलल्याचं भटजी सांगतात. ‘स्वातंत्र्य’ हा आजचा शब्द तिच्या तोंडी नाही, बरोबर. पण पेन्शनही नाही.

आता ‘पळाली’. एप्रिल १८५८ च्या पहिल्या आठवड्यात, इंग्रज शहरात घुसल्यावर, ती रात्री झाशीतून निसटली. बरोबर लहान दत्तक मुलगा दामोदरही होता. (घोड्यासकट तटावरून उडी मारली, ही गोष्ट मात्र मीही सोडून देतो. बुरूज पाहिलाय, घोडा वाचणं शक्य नाही.) भांडेरजवळ पाठलाग करणारी तुकडी तिने झटकली, त्या तुकडीचा अधिकारी त्यात जखमी झाला, आणि ती सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या काल्पीला पोचली. पुढे मे महिन्यात कूंच आणि काल्पीच्या लढाया, १ जूनला ग्वाल्हेर ताब्यात, आणि १७ जूनला, काहींच्या मते १८ ला, ग्वाल्हेरजवळ ‘कोटा की सराय’ या ठिकाणी इंग्रज घोडदळाशी लढताना मृत्यू. पळपुटा माणूस अडीच महिन्यांत इतक्यांदा शत्रूच्या समोर येतो का? ज्याने तिला हरवलं त्या ह्यू रोजनेच अहवालात तिला बंडवाल्यांमधली सर्वांत शूर आणि सर्वांत चांगली सेनानी म्हटलंय. त्याला तिचं कौतुक करून काय मिळणार होतं?

झलकारीबाईबद्दल एवढंच: कोरी समाजाने तिची आठवण पिढ्यान् पिढ्या तोंडी जपली, २००१ मध्ये तिचं टपाल तिकीटही निघालं. तिला मोठं करायला राणीला भित्री ठरवावं लागत नाही. मेसेज लिहिणाऱ्याला दोघींपैकी कुणाचंच सोयरसुतक नसावं.

राहिला शेवटचा मुद्दा, कवींनी रचल्याचा. झाशीच्या वेढ्यात बायका तोफांच्या मोर्चांवर राबताना आणि दारूगोळा वाहताना दिसल्या, ही नोंद ह्यू रोजच्या बाजूच्याच लोकांची. दुर्बिणीतून बघत होते ते. तोफगोळ्यांनी पडलेला तट बुजवणं, पहाऱ्यावरच्यांना अन्नपाणी पोचवणं हेही बायकांनी केलं. समोरून मारा चालू असताना, अर्थातच.

आणि लखनऊ. १६ नोव्हेंबर १८५७, सिकंदरबागेवर इंग्रजांचा हल्ला. फोर्ब्स-मिचेल नावाच्या हायलँडर (स्कॉटिश पलटणीतल्या) शिपायाने पुढे आठवणीत लिहिलंय: पिंपळाखाली गार पाण्याचे माठ होते, तहानलेले गोरे तिथे गेले की पडायचे. एका अधिकाऱ्याने जखमा पाहिल्या, गोळ्या वरून आल्या होत्या. झाडावर नेम धरला, देह खाली आला. घट्ट लाल जाकीट, रेशमी तुमान. जाकीट उघडलं तेव्हा कळलं की बाई आहे. गोळी झाडणाऱ्याचं नाव, वॉलेस, त्याने लिहून ठेवलंय. तिचं नाही. ऊदादेवी हे नाव पासी समाजाने जपलं. तिच्याजवळ जुन्या घाटाची दोन जड पिस्तुलं होती, काडतुसांची पिशवी निम्मी रिकामी झालेली आणि कमरेच्या पट्ट्यातलं एक पिस्तूल अजून भरलेलंच.